दुखवट्यातली होडी

“नेरेइदा, ह्या चादरीचं ते टोक धर,” एर्सिलिया म्हणाली.

तिने खिडकीतून हाक मारली तेव्हा मला वाटलं, हिला चक्कर आली. दुकान तसंच उघडं टाकून, कांदा चिरायची सुरी हातात घेऊनच मी रस्ता ओलांडला होता. पाहते तर बाई टीव्हीसमोर ठणठणीत उभी. काळ्या झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, आणि टीव्ही झाकलेल्या पांढऱ्या चादरीचा एक कोपरा मुठीत.

“ही चादर?” मी विचारलं.

“किती चादरी दिसतायत तुला?”

“कोमाद्रे, नवव्या दिवसाची प्रार्थना कालच झालीय.”

“म्हणून तर आज काढतेय. मी काय अधर्मी आहे का? धर.”

माझ्या थोरलीला बाप्तिस्म्याच्या दिवशी हिने हातात घेतलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे. हे नातं असं आहे की त्यात नाही म्हणता येत नाही. मी सुरी खिडकीत ठेवली आणि टोक धरलं. चादर झटकली, घडी घातली, पुन्हा घडी घातली. चादर इपोलिताची होती, म्हणजे एर्सिलियाच्या नणंदेची. भावाचा देह अजून घरात होता तेव्हाच तिने आपल्या कपाटातली ही इस्त्रीची चादर आणून टीव्हीवर घातली. आमच्या मोका गावात जुनी माणसं असंच करतात. घरात माणूस गेलं की रेडिओ बंद, टीव्ही झाकलेला, गाणं नाही, नाच नाही. नवरा गेला असेल तर वर्षभर. विधवेने काळं घालायचं, चर्चला जायचं, स्मशानात जायचं आणि उरलेला वेळ खुर्चीत बसून आल्यागेल्याचं सांत्वन ऐकून घ्यायचं. शहरातल्या पोरी आता हे पाळत नाहीत. पण इपोलिता शहरातली नाही आणि पोरही नाही.

एर्सिलियाने टीव्हीचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग तिने वर पंख्याकडे पाहिलं. पंखा गप्प होता.

“लाइट गेलीय,” मी म्हटलं. “मघाशीच. माझा फ्रीज केव्हाचा रडतोय.”

“कधी येणार?”

“आली की कळेल.”

बंड करायला उठलेल्या बाईची याहून मोठी फजिती ती काय. घरात इन्व्हर्टर होता, पण त्याच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. एक दिवा लावला तरी धाप लागायची त्यांना. मला हसू येत होतं, पण तिचं तोंड बघून मी ते गिळलं.

“बस तरी तोवर,” मी म्हटलं.

“नाही बसत. बसायचं नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप.”

आणि तिने चप्पल काढून उजवा पाय पुढे केला. अंगठ्याशेजारचं बोट काळंनिळं पडलं होतं. घोटा सुजून घोटा राहिलाच नव्हता. नऊ दिवस ती नवे काळे बूट घालून बसली होती. ते बूटही इपोलितानेच आणलेले, अर्धा आकार लहान. एर्सिलियाला साखरेचा आजार आहे, आणि साखर असलेल्या माणसाला बूट चावला की तो कुत्र्यासारखाच चावतो. त्यात प्रार्थनेला आलेल्या प्रत्येकीने तिच्या हातात गोड कोको नाहीतर गोड आल्याचा चहा दिला होता. दुःखात माणसाला नाही म्हणायचं सुचत नाही.

“आज सकाळी दवाखान्यात जाऊन आले,” ती म्हणाली. विधवेला दवाखान्यात जायची मुभा असते. “ती पोरगी डॉक्टर आहे ना, ती कागद बघून म्हणाली, ‘एर्सिलियाबाई, गेल्या महिन्यात तुमची साखर माझ्यापेक्षा चांगली होती. केलंत काय?’ मी म्हटलं, काहीच नाही केलं. नवरा मेला आणि मी बसले.”

“मग?”

“मग म्हणाली, उठा. नाहीतर हे बोट काढावं लागेल. आणि म्हणाली, बोटावरच थांबेल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.”

तिने पलंगाखालून जुने कापडी बूट काढले आणि पलंगाच्या कडेला टेकून, दुखऱ्या बोटावरून हळूहळू सरकवत पायात घातले. लेस बांधून झाल्याबरोबर ती पुन्हा उठून उभी राहिली, आणि आम्ही दोघी अशा लाइटीची वाट बघू लागलो.

एर्सिलियाचं आयुष्य सांगायला फार वेळ लागत नाही. ती कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची. पूर्ण शर्ट तिने कधी शिवला नाही. बाह्या दुसरीकडे, खिसे तिसरीकडे, हिच्याकडे फक्त कॉलर. सकाळी बसायची ती संध्याकाळी उठायची, आणि उठताना कमरेला हात लावायची. कारखान्याने घरी पाठवलं तेव्हा तिच्याकडे एक घड्याळ, दुखरे गुडघे आणि साखर एवढंच आलं. तिचा नवरा फेयो भाड्याची गाडी चालवायचा. पाच माणसांच्या गाडीत सात माणसं बसवून सान्तियागो शहराला न्यायचा आणि वाटेत सगळ्यांची भांडणं सोडवायचा. मग एका सकाळी त्याचा डावा हात उठला नाही, तोंड वाकडं झालं, आणि गाडी विकली गेली. दोघं नवराबायको दोन खुर्च्यांत समोरासमोर बसू लागली. मी दुकानातून बघायचे. वाटायचं, आता काय, हे दोघं असेच बसून संपणार.

मग टीव्हीवर खेळायचा तो डबा नाताळच्या पिंपातून आला. न्यूयॉर्कला गेलेली पोरं दरवर्षी निळ्या प्लास्टिकच्या पिंपात भरून काय काय पाठवतात: तांदूळ, तेल, साबण, टॉवेल, जसं काही आमच्याकडे तांदूळच पिकत नाही. त्यांच्या मुलाने, विल्किनने, त्या वर्षी तांदळाच्या पिशव्यांच्या मध्ये हा खेळ ठेवला होता. टीव्हीला जोडायचा डबा आणि वर ठेवायचा लांबट कॅमेरा. त्याच्यासमोर आपण हललो की टीव्हीतलं माणूस हलतं. हात हलवला की तो हात हलवतो, उडी मारली की उडी मारतो. होडी वल्हवायची, चेंडू टोलवायचे, नाचायचं. विल्किनला तिथल्या कुणी सांगितलं होतं की अर्धांगाच्या माणसाला याचा गुण येतो.

पण आमच्या गल्लीत न्यूयॉर्कहून कॅमेरा आला म्हणजे त्याचा उपयोग एकच. तिकडच्यांनी इकडच्यांना बघायचं. फेयोने दुसरं काही डोक्यातच आणलं नाही. पहिल्या संध्याकाळी तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून त्या डब्यासमोर उभा राहिला आणि मुलाला खबरबात सांगू लागला. आंबा यंदा मोहरला नाही. समोरच्या नेरेइदाने दुकानाला रंग दिला, रंग भिकार आहे. असं आठवडाभर चाललं. डावा हात मात्र पाठीमागे. मुलाला तो मेलेला हात दिसू नये म्हणून.

रविवारी नात आली तेव्हा तिच्या लक्षात आलं. “आजोबा, दोन्ही हात दाखवा. एका हातानं होडी वल्हवता येत नाही.”

“विल्किन बघतोय ना,” तो हळूच म्हणाला.

“कुणी नाही बघत हो. मशीन आहे ते.”

फेयो दोन दिवस रुसला. जेवला नाही नीट. तिसऱ्या दिवशी लाइट आली तशी पुन्हा आंघोळ केली, पुन्हा इस्त्रीचा शर्ट. एर्सिलियाने विचारलं, आता कुणासाठी? तर म्हणाला, “बघत नसेल तर नसेल. आपण नीट दिसायला आपलं काय जातं?” आणि त्याने डावा हात पाठीमागून पुढे काढला. खांद्याच्याही खाली राहिला तो, पण होडी चालली.

मग रोज संध्याकाळचं ते ठरूनच गेलं. लाइट आली की सगळी गल्ली ओरडते, “आली रे!” आणि त्या ओरडण्यातच एर्सिलियाचं दार सताड उघडायचं. दोघं टीव्हीसमोर उभी, होडी नदीतून चाललेली, समोर खडक आला की दोघांनी एकदम झुकायचं. एकाच बाजूला, एकाच वेळी. नाहीतर होडी आपटते. सुरुवातीला रोज आपटायची आणि रोज भांडण व्हायचं. बायका दारातून बघून हसायच्या. कुणी म्हणालं म्हातारचळ, कुणी म्हणालं अमेरिकेची हवा लागली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण महिने गेले तसा फेयो स्वतःच्या शर्टाची बटणं लावू लागला. एर्सिलियाच्या कंबरेवरचा हात गेला. रविवारी लेक, जावई, नात सगळी यायची आणि त्या एवढ्याशा खोलीत असं काही नाचायची की माझ्या दुकानातल्या बाटल्या वाजायच्या. हसणाऱ्या बायकाच मग म्हणू लागल्या, आम्हालाही एकदा उभं राहू दे गं. अख्ख्या गल्लीची साखर त्या खोलीत येऊन उतरायची.

आणि फेयो गेला तो रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, व्हरांड्यातल्या खुर्चीत. दात कोरायची काडी तोंडात तशीच. आम्हाला वाटलं डुलकी लागली.

इपोलिताने प्रेताच्या उशाशी बसून निकाल देऊन टाकला. “त्या डब्यानं मारलं माझ्या भावाला. ह्या वयात उड्या मारायला लावल्या.” मेल्या माणसासमोर वाद कोण घालणार? आणि मग ती उठून चादर आणायला गेली.

मी स्वतः विधवा आहे. मीही वर्षभर काळं घातलं. पण मी सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानात उभी असायचे, पोती ओढायचे, घासाघीस करणाऱ्यांवर ओरडायचे, त्याला कुणी हरकत घेतली नाही. कारण ते काम होतं. बाईने दुसऱ्यासाठी घाम गाळला तर तो दुखवट्यात चालतो. स्वतःच्या पायासाठी गाळला की ती मजा होते. हे शास्त्र कुणी लिहिलं ते मला माहीत नाही, पण लिहिणाऱ्याला साखर नव्हती एवढं नक्की.

लाइटीचा पत्ता नव्हता. पण खिडकीतून चादर निघालेली दिसली होती, आणि आमच्या गल्लीत बातमीला लाइट लागत नाही. मी दुकानात जाऊन दोन गिऱ्हाइकं करून परत आले तोवर व्हरांड्यात चारपाच जणी जमल्या होत्या, वाटाणे सोलायचं निमित्त करून. आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून मोटरसायकल आली. मागे एका अंगाला बसलेली इपोलिता. काळा झगा, काळे मोजे, कोपरावर काळी पर्स. पंचाहत्तरीची बाई, पण उतरताना तिने चालवणाऱ्याचा हात घेतला नाही.

ती आत आली. बायकांनी तिला वाट दिली. टीव्हीसमोरच्या भिंतीशी खुर्च्या होत्या त्या तिने बघितल्याच नाहीत. ती सरळ खोलीच्या मध्यभागी उभी राहिली.

“चादर कुठंय?”

“खुर्चीवर. घडी करून ठेवलीय,” एर्सिलिया म्हणाली. “इस्त्री मोडू दिली नाही.”

“एर्सिलिया, माझ्या भावाची ऊब अजून गादीत असेल.”

“नाहीये. थंड आहे गादी. मी झोपते तिच्यावर, मला माहितीय.”

व्हरांड्यातलं वाटाणे सोलणं थांबलं.

इपोलिताने चादर उचलली. तिने ती उलगडायला सुरुवात केली, आणि एर्सिलिया तिच्या आणि टीव्हीच्या मध्ये येऊन उभी राहिली. हात वगैरे काही केले नाहीत. नुसती उभी राहिली, त्या कापडी बुटांत.

“बाजूला हो.”

“नाही होत.”

“लोक बघतायत.”

“बघू देत. म्हणून तर दार उघडं ठेवलंय. दार लावून केलं असतं तर म्हणाले असते, चोरून करते.”

“एक वर्ष,” इपोलिता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “एक वर्ष कळ काढता येत नाही तुला? आमच्या आईनं नाही काढली?”

“काढली ना. बसून काढली. आणि वर्ष संपलं तेव्हा उठायला तिला एकच पाय होता. मग तिला आंघोळ कोण घालत होतं, इपोलिता? लोक घालत होते का?”

आईला आंघोळ इपोलितानेच घातली होती, बरीच वर्षं. लग्नही त्यातच राहिलं. हे सगळ्या गावाला माहीत आहे आणि तिच्या तोंडावर कुणी काढत नाही. मला वाटलं, एर्सिलियाने हे बोलायला नको होतं. पण एकदा दोरा ओवला की ती शिवण पुरी करणारी बाई.

“तू म्हणतेस, त्या डब्यानं मारलं. तुझा भाऊ खुर्चीत गेला. बसून गेला तो. इथं, ह्या फरशीवर तो हात वर करायला शिकला, बटणं लावायला शिकला. ह्या फरशीवर तो कधी मेला नाही.” तिला दम लागला होता. “मला दुःख नाही असं वाटतं का तुला? काळं घातलंय मी. वर्षभर घालीन, तू म्हणशील तर दोन वर्षं घालीन. पण पाय माझा आहे. तो काही फेयोबरोबर पुरायचा नव्हता. घरात हलायचं नाही, रस्त्यात चालायचं नाही. मग मी जगू कुठं? तूच जागा दाखव.”

चादर इपोलिताच्या हातात अर्धी उलगडलेली होती. तिने तिचं टोक मुठीत गोळा केलं. मग म्हणाली, “तुझा नवरा गेला. माझं लेकरू गेलं. त्याला मी भरवलंय. आई खाटेवर होती तेव्हा तो एवढासा होता, मी भरवलंय त्याला.”

“माहितीय मला.”

“तुला नाही माहीत.”

“बरं. नाही माहीत,” एर्सिलिया म्हणाली. “पण चादर नको घालूस.”

आणि तेवढ्यात गल्ली ओरडली, “आली रे!” वरचा पंखा फिरू लागला, माझा फ्रीज पलीकडे घरघरला, आणि मघाशी दाबून ठेवलेलं बटण आठवून टीव्ही आपोआप उजळला. खेळाची ती आनंदी, बिनडोक धून वाजू लागली. दुखवट्याच्या घरात ती इतकी मोठी वाटली की व्हरांड्यातल्या एकीने छातीवर क्रूस काढला.

एर्सिलिया वळली. नणंदेकडे पाठ करून टीव्हीकडे तोंड. तिने दोन्ही हात वर केले. टीव्हीत पिवळी होडी आली, पुढच्या फळीवर तिची बाहुली बसली. आणि होडी तिथेच थांबली. पडद्यावर अक्षरं आली: दुसऱ्या खेळाडूने हात वर करावा.

एकटीने खेळायचं असेल तर कुठेतरी तसं निवडावं लागत असणार, पण तिला ते येत नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. ती हात वर धरून उभी राहिली. नदी होडीखालून नुसती वाहत होती.

“मी येऊ का उभी राहायला?” मी विचारलं.

“नको.”

“अगं, होडी सुटणार नाही.”

“नको म्हटलं ना, नेरेइदा.”

तिची पाठ मला दिसत होती. नऊ दिवसांत ती रडली नव्हती. लोक म्हणत होते, खंबीर आहे. आता तिला हुंदका फुटला, पण तिने वर धरलेले हात खाली घेतले नाहीत. रडायचं असेल तर उभं राहून रडायचं, असं तिने ठरवलेलं दिसत होतं.

इपोलिताने चादर खुर्चीवर टाकली. पर्स कोपरावर नीट केली. दाराकडे निघाली, आणि जाता जाता थांबून, एर्सिलियाच्या मागे उभी राहून तिने उजवा हात आढ्याकडे उचलला.

“मी काय बोलणार. वर देव बघतोय, एर्सिलिया.”

त्या यंत्राला कोण दुखवट्यात आहे, कोण शाप देतंय, काही कळत नाही. समोर हात वर झाला की त्याच्या लेखी माणूस आला. घंटा वाजली. होडीच्या मागच्या फळीवर एक माणूस येऊन बसला. जाडसर, मिशीवाला, डोक्यावर पांढरी टोपी. आजोबांसारखा दिसावा म्हणून नातीने कधीतरी शोधून शोधून निवडलेला. त्याचा हात वर होता. होडी सुटली.

इपोलिता पुतळ्यासारखी उभी राहिली. तिचा हात किंचित हलला, मिशीवाल्याचा हलला. तिने तो जरासा खाली आणला, तर त्याचाही खाली येऊ लागला. तिने घाईघाईने पुन्हा वर नेला. त्यानेही नेला.

“हा कोण?” तिने विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

एर्सिलियाने मागे वळूनही बघितलं नाही. तिने दोन्ही हातांनी पाणी मागे लोटायला सुरुवात केली होती. काळ्या झग्याची पाठ घामाने ओली होत चालली होती.

“खडक येतोय,” ती म्हणाली. “उजवीकडे झुक.”

इपोलिता झुकली नाही. होडी आपटली, गोल फिरली, पुन्हा चालू लागली.

“पुढं अजून एक आहे. आता डावीकडे.”

मी इपोलिताकडे बघत होते. तिने ओठ घट्ट मिटले होते. डोळे त्या टोपीवर. खडक जवळ आला तशी ती म्हातारी, तो एक हात वर धरूनच, पर्ससकट डावीकडे कलली. दोघी एकदम कलल्या. होडी खडकाला घासून निसटली. व्हरांड्यातून कुणीतरी सुस्कारा सोडला.

नदी संपेपर्यंत दोघींत एवढंच बोलणं झालं. उजवीकडे. डावीकडे. आता सरळ. एर्सिलिया रडत होती आणि वल्हवत होती. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. धक्क्याला होडी लागली तेव्हा तिच्या सुजलेल्या पायाचा बूट सैल करायला हवा होता, पण ती वाकली नाही. टीव्हीने विचारलं, पुन्हा खेळायचं का? दोन्ही बाहुल्या होडीत बसून राहिल्या, एक पुढे, एक मागे. मागच्याचा हात अजून वर होता.

एर्सिलिया तेव्हा वळली. इपोलिताची पर्स वर धरलेल्या हातावरून खांद्यापर्यंत घसरली होती.

“हात खाली घे आता,” एर्सिलिया म्हणाली. “दुखेल.”

“दुखू दे,” इपोलिता म्हणाली.